नवी ४ टीबी हार्ड डिस्क लिनक्सवर काही वेळाने रांगू लागते: दोष डिस्कचा, केबलचा की सिस्टिमचा?

प्रश्न: जुनी_वही

नमस्कार मंडळी. माझ्या डेस्कटॉपवर डेबियन १२ असून १६ जीबी रॅम आहे. घरातील जुनी कागदपत्रे, वह्या आणि छायाचित्रे स्कॅन करून जपण्याचे काम मी बराच काळ करत आलो आहे आणि तो सारा संग्रह आजवर १ टीबीच्या डिस्कवर होता. ती भरत आल्यामुळे मी ३.५ इंची, ४ टीबीची नवी सॅटा हार्ड डिस्क घेतली. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. डिस्कवर एकच पार्टिशन केले, ईएक्सटी४ फाइल सिस्टिम तयार केली आणि आरसिंक वापरून सुमारे ७०० जीबी मजकूर हलवायला सुरुवात केली. त्यात काही मोठ्या टिफ फाइली आहेत, पण बहुतांश लहान जेपेग आहेत.

सुरुवातीला वेग १५० ते १६० एमबी प्रतिसेकंद मिळतो. काही दशक जीबी लिहून झाले की तो एकदम ५ ते १० एमबीवर येतो आणि मधूनमधून काही सेकंद सर्व व्यवहार ठप्प होतो. त्या काळात ब्राउझरसुद्धा अडखळतो. काम थांबवून रात्रभर संगणक तसाच चालू ठेवला, तर सकाळी पुन्हा पहिला वेग मिळतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तीच गत होते. एचडीपार्मने वाचनाचा वेग मोजला असता १७५ एमबी आला, तर डीडीने शून्यांची २ जीबीची फाइल लिहून पाहिली तेव्हा चक्क १.४ जीबी प्रतिसेकंद असा आकडा मिळाला, म्हणजे डिस्क चांगली असावी असे वाटते. इंटरनेटवरील लेखांत नोएटाइम लावा (फाइल वाचल्याची वेळ नोंदवू नका), शेड्युलर (डिस्कच्या विनंत्यांची रांग लावणारा) बदला, डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता होणारी देवाणघेवाण) चालू करा असे नाना सल्ले आहेत. यांतला कोणता सल्ला माझ्या परिस्थितीला लागू पडतो आणि तपासाची सुरुवात कोठून करावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. पुढे अशीच दुसरी डिस्क घेऊन एमडीएडीएमने मिरर (दोन्ही डिस्कवर एकच मजकूर) करण्याचाही विचार आहे.

उत्तर: तारयंत्र

डीडीने दिलेला १.४ जीबीचा आकडा सर्वप्रथम बाजूला ठेवावा. सॅटाच्या तिसऱ्या पिढीची जोडणी ६ गिगाबिटची असते आणि ८बी/१०बी एन्कोडिंगमध्ये त्यातला पाचवा हिस्सा खर्ची पडल्यावर तिच्यातून जास्तीत जास्त ६०० एमबी प्रतिसेकंद जाऊ शकतात, त्यामुळे सॅटावरची कोणतीही डिस्क, मग ती एसएसडी का असेना, तुम्हाला दिसलेला वेग देऊच शकत नाही. तुम्ही रॅमचा वेग मोजला आहे. लिनक्स लिहायचा मजकूर आधी पेज कॅशमध्ये (रॅममधल्या साठ्यात) घेतो आणि प्रोग्रामला मोकळे करतो, डिस्कवरचे प्रत्यक्ष लेखन मागाहून होते. असा लिहायचा राहिलेला मजकूर रॅममध्ये किती साचू द्यायचा हे ठरवणाऱ्या डर्टी बॅकग्राउंड रेशो या सेटिंगचे मूळ मूल्य १० टक्के आणि डर्टी रेशोचे २० टक्के असते, म्हणजे तुमच्या १६ जीबी रॅममध्ये २ जीबीची फाइल डिस्कला फारसा स्पर्श न करता सहज मावते. हीच चाचणी डीडीला 'ओफ्लॅग' या पर्यायात 'डायरेक्ट' देऊन करावी, किंवा 'कॉन्व्ह' या पर्यायात 'एफडेटासिंक' द्यावे, म्हणजे लेखन डिस्कवर पोचल्याची खात्री झाल्यावरच वेळ मोजला जाईल.

यानंतर केबल पाहू. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींत) सॅटाची जोडणी किती गिगाबिटवर झाली आहे ते दिसते. केबल खराब असली किंवा कनेक्टर सैल असला, तर कर्नल चुका पाहून जोडणी ६ वरून ३ आणि ३ वरून १.५ गिगाबिटवर उतरवतो आणि तशी नोंदही करतो. डिस्कची प्रकृती सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलच्या तक्त्यातील १९९ क्रमांकाचा गुणधर्म, म्हणजे यूडीएमए सीआरसी चुकांची संख्या, मुख्यतः केबलमधल्या बिघाडाबद्दल बोलतो. हा आकडा कधीच कमी होत नाही, म्हणून नुसता तो शून्याहून मोठा दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. कॉपी करण्यापूर्वी आणि नंतर पाहून तो वाढतो का एवढेच तपासावे. सोबत ५, १९७ आणि १९८ हे गुणधर्मही द्यावेत. त्यांत डिस्कने बदलून टाकलेले, संशयित आणि वाचता न आलेले सेक्टर मोजले जातात.

वेग पडलेला असताना आयओस्टॅट (डिस्कच्या वाचन-लेखनाचे आकडे दाखवणारी कमांड) विस्तारित स्वरूपात दर सेकंदाला चालवून त्याचे आकडेही येथे द्यावेत. त्यांच्याशिवाय पुढचे सगळे अंदाजच ठरतील.

उत्तर: हिरवा_कर्सर

माझ्या लॅपटॉपवर कॉपी चालू असताना असाच अडखळा यायचा. शेड्युलर एमक्यू-डेडलाइनवरून बीएफक्यूवर नेल्यावर बराच फरक पडला. करून पाहायला हरकत नाही.

उत्तर: चकतीधर

बीएफक्यूमुळे ब्राउझरला त्याच्या वाट्याचा वेळ लवकर मिळू शकतो, त्यामुळे संगणक अडखळणे कमी होईल हे मान्य. परंतु शेड्युलर फक्त रांग लावतो. डिस्कच जर सेकंदाला ८ एमबीच गिळत असेल, तर रांग कशीही लावली तरी ती ८ एमबीनेच सरकणार.

तुम्ही वाचलेल्या बाकीच्या सल्ल्यांबद्दलही येथेच लिहितो, कारण ते लेखांमागून लेखांत उतरत आले आहेत. २००९ मध्ये आलेल्या २.६.३० या कर्नलपासून रिलेटाइम (वाचल्याची वेळ क्वचितच नोंदवणे) हीच मूळ पद्धत झाली, त्यामुळे नोएटाइमने मिळणारा फायदा आता अगदी थोडा उरला आहे. एचडीपार्मने डीएमए चालू करण्याचा सल्ला जुन्या आयडीई ड्रायव्हरच्या काळातला आहे; आजच्या लिबएटीए ड्रायव्हरच्या राज्यात त्याला काही अर्थ नाही. या दोन्ही गोष्टींत वेळ घालवू नये.

तुमच्या वर्णनात मला सर्वांत बोलकी वाटते ती शेवटची गोष्ट: रात्रभर विश्रांती मिळाली की डिस्क पुन्हा ताजी होते. केबल विश्रांतीने सुधारत नाही आणि खराब सेक्टरही विश्रांतीने बरे होत नाहीत. आकडे देताना स्मार्टसीटीएलने दिलेल्या डिस्कच्या ओळखीच्या भागात ट्रिमबद्दल (कोणते ब्लॉक रिकामे झाले हे डिस्कला कळवणाऱ्या कमांडबद्दल) काही लिहिले आहे का, तेही पाहावे. आणखी एक करावे: वेग पडला की आरसिंक थांबवावा, सिंक कमांड (रॅममधले लेखन डिस्कवर उतरवणारी) देऊन ती पूर्ण होऊ द्यावी आणि मग डिस्कला कान लावावा.

प्रश्नकर्ता: जुनी_वही

दोघांचेही आभार. जोडणी ६ गिगाबिटवर आहे आणि डीमेसेजमध्ये एकही चूक नोंदलेली नाही. ५, १९७, १९८ आणि १९९ हे चारही गुणधर्म शून्य आहेत आणि कॉपीनंतरही शून्यच राहिले. डायरेक्ट पर्यायासह डीडी चालवल्यावर ताज्या डिस्कवर १६५ एमबी मिळाले.

वेग पडलेला असताना आयओस्टॅटमध्ये लेखन ६ ते ९ एमबी प्रतिसेकंद दिसते, वाचन जवळजवळ शून्य, यूटिल (डिस्क किती व्यग्र आहे ते) सतत १०० टक्के, आणि डब्ल्यू-अवेट (एका लेखनाला लागणारा वेळ) तर ३,००० मिलिसेकंदांच्याही वर जातो. ओळखीच्या भागात फिरण्याचा वेग ५४०० असा असून त्याखाली ट्रिम कमांड उपलब्ध असल्याची ओळ आहे. हे वाचून मी चक्रावलो, कारण ट्रिम फक्त एसएसडीमध्ये असते अशी माझी समजूत होती. सिंक पूर्ण झाल्यावर आयओस्टॅटमध्ये सर्व शून्य दिसत होते, तरीही डिस्कच्या आतून हेड हलल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

चकतीधरांच्या प्रश्नाचा रोख आता थोडा लक्षात येतो आहे. परंतु सिसएफएसमध्ये (कर्नल उपकरणांची माहिती जेथे मांडतो तेथे) या डिस्कच्या 'झोन्ड' या नोंदीत 'नन' असे लिहिलेले आहे, त्यामुळे गोंधळ वाढला.

उत्तर: चकतीधर

तुमची डिस्क एसएमआर (शिंगल्ड मॅग्नेटिक रेकॉर्डिंग) पद्धतीची आहे, आणि त्यातही सर्व कारभार डिस्क स्वतःच पाहते अशा प्रकारची आहे, असे या आकड्यांवरून म्हणायला मी तयार आहे. फिरत्या चकतीने ट्रिमचा आधार जाहीर करणे ही घरगुती वापराच्या डिस्कमध्ये जवळपास खात्रीची खूण असते.

हार्ड डिस्कमध्ये लिहिणारे हेड हे वाचणाऱ्या हेडपेक्षा रुंद असते. एसएमआरमध्ये याचा फायदा घेऊन ट्रॅक एकमेकांवर अंशतः चढवलेले असतात, कौलारू छपरावर कौले रचावीत तसे, आणि प्रत्येक ट्रॅकची वाचण्यापुरती अरुंद पट्टी उघडी राहते. यामुळे तेवढ्याच चकतीवर जास्त मजकूर मावतो. मात्र मधला एखादा ट्रॅक बदलायचा झाला की रुंद हेड शेजारचा ट्रॅकही पुसून टाकणार, म्हणून शेजारचा, त्याच्या शेजारचा, असे त्या पट्ट्याच्या (ट्रॅकच्या गटाच्या) शेवटापर्यंत सर्व ट्रॅक पुन्हा लिहावे लागतात. सलग लिहीत गेल्यास ही अडचण येत नाही. इतस्ततः लिहिल्यास प्रत्येक लहान बदलामागे मोठे पुनर्लेखन उभे राहते.

हे पुनर्लेखन लगेच करावे लागू नये म्हणून डिस्क चकतीचा काही भाग तात्पुरत्या साठ्यासाठी राखून ठेवते. इतस्ततः येणारे लेखन आधी तेथे सलग उतरवले जाते आणि डिस्क रिकामी असताना योग्य जागी हलवले जाते. तो साठा भरेपर्यंत तुम्हाला १५० एमबी मिळतात. भरल्यावर डिस्कला एक हात नव्या मजकुराला आणि दुसरा हात आवराआवरीला द्यावा लागतो; तेथे वेग कोसळतो आणि एकेका विनंतीला तीन-तीन सेकंद लागतात. सिंकनंतर तुम्ही ऐकलेला आवाज या आवराआवरीचाच होता. कर्नलला तिची काहीच खबर नसते, म्हणून आयओस्टॅट शून्य दाखवतो.

'झोन्ड'मधील 'नन'ने अनेकांची दिशाभूल होते. ४.१० पासून कर्नलमध्ये झोन असलेल्या डिस्कचा आधार आहे, परंतु ती नोंद ज्या डिस्क आपले झोन (असे पट्टे) यजमानाला, म्हणजे संगणकाला, उघड करून सांगतात त्यांच्यासाठीच उपयोगी पडते. स्वतःच सर्व सांभाळणारी एसएमआर डिस्क बाहेरून साध्या डिस्कसारखीच दिसते आणि कर्नल तिला साधी डिस्क समजूनच वागवतो.

खोक्यावर हे लिहिलेले नसेल, तर त्यात नवल नाही. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटल, सीगेट आणि तोशिबा या तिन्ही कंपन्यांच्या काही डिस्क, विक्रीच्या माहितीत तसे न सांगता, एसएमआर पद्धतीच्या असल्याचे उघड झाले होते. त्यानंतर कंपन्यांनी कोणते मॉडेल कोणत्या पद्धतीचे आहे याच्या याद्या प्रसिद्ध केल्या, तेव्हा तुमच्या डिस्कचा पूर्ण मॉडेल क्रमांक त्या कंपनीच्या यादीत ताडून पाहावा. क्रमांकाच्या शेवटची अक्षरेही महत्त्वाची असतात.

उत्तर: तारयंत्र

केबल निर्दोष ठरली आणि निदान पटण्यासारखे आहे. तरी एक गोष्ट सुटत नाही. डिस्क नवी आहे, रिकामी आहे आणि आरसिंक तिच्यावर फाइलींमागून फाइली लिहितो आहे. हे लेखन बरेचसे सलगच व्हायला हवे. मग राखीव साठा इतक्या लवकर का भरावा?

मला संशय आहे तो ईएक्सटी४च्या आळशी आरंभाचा. फॉरमॅट करणारी एमकेएफएस कमांड इनोडचे (प्रत्येक फाइलीची माहिती ठेवणाऱ्या नोंदींचे) तक्ते फॉरमॅट करताना शून्याने भरून ठेवत नाही. पहिल्यांदा माउंट केल्यावर ईएक्सटी४लेझीइनिट नावाचा कर्नलमधला धागा ते काम मागे बसून, मुद्दाम सावकाश करत राहतो. हिशेब करून पाहा. मूळ सेटिंगनुसार दर १६ केबी जागेमागे एक इनोड असतो आणि प्रत्येक इनोड २५६ बाइटचा असतो. ४ टीबीमध्ये सुमारे २४ कोटी ४० लाख इनोड होतात आणि त्यांचे तक्ते ६२ जीबींच्या घरात जातात. तुमच्या फाइलींखेरीज एवढे लेखन डिस्कच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तुकड्यातुकड्याने होणार आहे. साध्या डिस्कवर हे कोणाच्या लक्षातही येत नाही. एसएमआरवर मात्र तुमच्या आरसिंकबरोबर ते त्याच राखीव साठ्यासाठी भांडत असावे. त्यात लहान जेपेगांचे इनोड, डिरेक्टरीच्या नोंदी आणि जर्नल (बदलांची आगाऊ नोंदवही) यांचे सुटे लेखन मिसळते.

कोणती प्रक्रिया डिस्क वापरते ते दाखवणारा आयओटॉप फक्त सक्रिय प्रक्रिया दाखवण्याच्या पर्यायासह चालवावा. त्या धाग्याचे नाव तेथे दिसेल.

प्रश्नकर्ता: जुनी_वही

दिसले. आरसिंक बंद असतानाही ईएक्सटी४लेझीइनिट यादीत येत-जात असतो. मॉडेल क्रमांक कंपनीच्या यादीत पाहिला. डिस्क एसएमआरच निघाली. परत करण्याची मुदत उलटून गेली आहे, त्यामुळे आता हिच्यासह संसार कसा करावा ते सांगावे. नवी डिस्क पुन्हा फॉरमॅट करायला हरकत नाही, कारण मूळ संग्रह जुन्या डिस्कवर शाबूत आहे.

उत्तर: तारयंत्र

मग फॉरमॅटपासूनच सुरुवात करावी. एमकेएफएसला वापराचा प्रकार 'लार्जफाइल' द्यावा, म्हणजे दर १ एमबीमागे एकच इनोड तयार होईल आणि ६२ जीबींचे तक्ते जेमतेम १ जीबीवर येतील. सुमारे ३८ लाख फाइलींची सोय त्यातही राहते. इनोडांची ही घनता नंतर बदलता येत नाही, तेव्हा तुमच्या संग्रहात आज किती फाइली आहेत ते डीएफला इनोड मोजण्याच्या पर्यायासह विचारून घ्यावे. त्याचबरोबर लेझी आयटेबल इनिट आणि लेझी जर्नल इनिट हे दोन्ही विस्तारित पर्याय शून्य करावेत. फॉरमॅटला थोडा जास्त वेळ लागेल, पण मागे कोणी कुरतडत बसणार नाही. एमकेएफएस मूळ सेटिंगनुसार आरंभी संपूर्ण पार्टिशनवर डिसकार्ड (म्हणजे ट्रिम) पाठवतो, त्यामुळे तुमच्या डिस्कलाही आपले सर्व ब्लॉक रिकामे झाल्याचे कळेल.

कॉपीच्या वेळी सगळा संगणक अडखळतो त्यासाठी डर्टी बाइट्स २५६ एमबी आणि डर्टी बॅकग्राउंड बाइट्स ६४ एमबी ठेवून पाहावे. टक्क्यांची आणि बाइटांची सेटिंग एकाच वेळी लागू होत नाहीत. बाइट दिले की टक्क्यांच्या जागी शून्य दिसू लागते, ते बरोबर आहे. डिस्क यामुळे जराही वेगवान होणार नाही, परंतु रॅममध्ये काही जीबींचा तुंबारा साचून इतर प्रोग्राम त्यामागे अडकणे थांबेल, आणि आरसिंक दाखवतो तो वेगही वास्तवाच्या जवळ येईल.

उत्तर: चकतीधर

वरील सर्व सूचनांशी सहमत. मी भर घालीन ती वापराच्या पद्धतीची. ज्या गठ्ठ्यांचे स्कॅनिंग संपले आहे आणि ज्यांत पुन्हा बदल होणार नाही, त्यांच्या न दाबलेल्या टार फाइली (अनेक फाइलींचा एकच गठ्ठा) करून त्या डिस्कवर उतरवाव्यात. जेपेग आधीच दाबलेले असल्याने पुन्हा दाबण्यात हशील नाही. काही जीबींची एक फाइल सलग लिहिणे हे या डिस्कला जमणारे काम आहे. तीच हजारो तुकड्यांत लिहिणे तिला जमत नाही. आरसिंकचा 'इनप्लेस' पर्याय मात्र येथे वापरू नये, कारण तो असलेल्या फाइलीच्या पोटात जागच्या जागी बदल करतो आणि पट्ट्याचे पुनर्लेखन ओढवून घेतो. मूळ पद्धतीत आरसिंक नवी फाइल पूर्ण लिहून मग तिचे नाव बदलतो, ते येथे जास्त सोयीचे आहे.

मिररचा विचार मात्र सोडावा, निदान अशाच दुसऱ्या डिस्कसोबत तरी. रेडमधील (मिररसारख्या अनेक डिस्कच्या रचनेतील) डिस्क बदलल्यावर पुनर्बांधणी चालू असते तेव्हा नव्या डिस्कवर तासन्‌तास अखंड लेखन होते आणि त्यावर रोजच्या कामाचे सुटे लेखनही येऊन पडते, म्हणजे तुमची डिस्क जेथे गुडघे टेकते नेमकी तीच अवस्था. कर्नल एकेका कमांडची साधारण ३० सेकंद वाट पाहतो; तेवढ्यात उत्तर आले नाही तर जोडणी नव्याने सुरू करू पाहतो, आणि असे वारंवार झाले की धडधाकट डिस्क रेडमधून बाहेर काढली जाते. सिसएफएसमध्ये ही मर्यादा १८० सेकंद करता येते, पण त्या आधारावर घरातली जुनी कागदपत्रे सोपवावीत असे मला वाटत नाही. मिररसाठी सीएमआर पद्धतीच्या (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेल्या) दोन डिस्क घ्याव्यात आणि ही डिस्क तिसरी प्रत म्हणून कपाटात ठेवावी.

प्रश्नकर्ता: जुनी_वही

सांगितल्याप्रमाणे फॉरमॅट करून टार फाइली उतरवल्या. या वेळी वेग अखेरपर्यंत १३० ते १५० एमबींच्या दरम्यान राहिला. मुद्दाम लहान जेपेगांचे एक मोठे फोल्डर जसेच्या तसे कॉपी करून पाहिले, तर वेग अजूनही पडतो, पण पूर्वीपेक्षा बराच उशिरा. ब्राउझर आता अडखळत नाही. हिरवा_कर्सर यांचा बीएफक्यूही लावून पाहिला. वेगात काही फरक दिसला नाही.

एकच शंका राहिली. डिस्क कपाटात ठेवायची तर ती यूएसबीच्या बाहेरील डब्यात घालून वापरावी लागेल. तेथेही ट्रिम चालेल का? जुन्या टार फाइली अधूनमधून पुसाव्या लागणार आहेत.

उत्तर: चकतीधर

ते डब्यातल्या ब्रिज चिपवर (सॅटा आणि यूएसबी यांना जोडणाऱ्या) अवलंबून आहे. डबा जोडून एलएसबीएलके ही डिस्कची यादी देणारी कमांड डिसकार्डच्या पर्यायासह चालवावा; डिस्क-ग्रॅन आणि डिस्क-मॅक्स या दोन्ही रकान्यांत शून्य असेल, तर ट्रिम डिस्कपर्यंत पोचत नाही असे समजावे. तसे असल्यास फाइली पुसण्याचे काम डिस्क मदरबोर्डच्या सॅटा पोर्टला जोडून करावे, लगेच एफस्ट्रिम (मोकळ्या जागेवर ट्रिम पाठवणारी कमांड) द्यावे आणि मगच ती डब्यात घालावी. डबा घेताना तो किमान यूएसबी ३ चा असावा आणि एलएसयूएसबीच्या (यूएसबी उपकरणांची यादी देणाऱ्या कमांडच्या) वृक्षरूप यादीत त्याच्यापुढे ५००० एम किंवा त्याहून मोठा आकडा दिसावा. ४८० एम दिसले तर तुम्ही यूएसबी २ च्या पोर्टमध्ये किंवा केबलवर अडकला आहात आणि तेथे ३५-४० एमबींच्या पुढे जाता येणार नाही. आणखी एक: कॉपी संपून अनमाउंट झाल्याबरोबर डब्याची वीज काढू नये. आतली आवराआवर चालू असेल तर हेडचा आवाज थांबेपर्यंत तो तसाच चालू ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी राखीव साठा रिकामा मिळेल.